आठव्या मजल्याची उडी

३ फेब्रुवारी, सोमवार

दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. आई ठणठणीत आहे. कालच तिने माझ्या दोन पडद्यांना टीप घातली, आणि टीप घालता घालता मला टोमणे मारायलाही तिच्याकडे भरपूर वेळ होता.

पत्र लिहितेय कारण तू दुसरा मार्गच ठेवलेला नाहीस. फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, तो वाचल्याची खूण मला दिसते, आणि पुढे सगळं सामसूम. शिवाय कंपनीला कागदावर सही हवी आहे, तेव्हा असंही पाकीट धाडावंच लागणार होतं.

मी काय काम करते हे आईने तुला सांगितलं असेलच, बहुतेक चुकीचं. ती शेजारपाजारी सांगते की मुलगी ऑफिसात बसून दिवसभर गेम खेळते आणि तिला त्याचा पगार मिळतो. तर तसं नाही. म्हणजे तसंच आहे, पण ऐकायला वाटतं तितकं सुखाचं नाही. आमची कंपनी जुने व्हिडिओ गेम शोधते, आजच्या मशिनवर चालतील असे करते आणि पुन्हा बाजारात आणते. कुठला आणायचा आणि कुठल्याला हात जोडायचे हे ठरवण्याआधी कुणालातरी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळावा लागतो आणि कागदावर लिहून द्यावं लागतं की हा आज टिकतो की नाही. ते कुणीतरी म्हणजे मी. नऊ वर्षं झाली.

नऊ वर्षांत एक कळलं. लोक ज्या गेमवर सगळ्यात जास्त जीव टाकतात तो हमखास घात करतो. मागच्या महिन्यात गाड्यांच्या शर्यतीचा एक होता. आमच्या साहेबांनी लहानपणी म्हणे अख्खी सुट्टी त्यात घातली होती. त्यात रस्त्यावर सतत धुकं. साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "काय वातावरण आहे बघा!" वातावरण कसलं डोंबलाचं. त्या काळच्या मशिनला लांबचा रस्ता काढता येत नव्हता, म्हणून पुढ्यात धुकं सोडून दिलं होतं. मी कागदावर तेच लिहिलं. साहेब दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले.

आता मुद्द्याचं. या वेळच्या यादीत अकरा नंबरला "लिफ्ट बंद आहे" आहे. हो, आपलाच.

साहेबांना तो जुन्या सीड्यांच्या कुठल्याशा ढिगात सापडला. मलाच समजावून सांगत होते, "बारा मजल्यांची इमारत आहे. लिफ्ट बंद. काचा पुसणारा माणूस पाण्याची बादली घेऊन बाहेरून वर चढतो. कुणीतरी घरच्या घरी केलाय, पण डोकं आहे हं!" मी मान डोलावत ऐकून घेतलं. मग सुरुवातीच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "बनवणारा दादा, तपासणारी मास्तरीण. आता हा दादा कुठे शोधायचा?" तेव्हा मला तोंड उघडावंच लागलं.

मी म्हटलं, घरचाच गेम आहे, तपासायला दुसरं कुणी बघा. ते म्हणाले, तुमच्याइतकं परखड कोण लिहिणार.

तर दोन गोष्टी कर. सोबतच्या कागदावर सही, आणि मूळ कोडची डिस्क, अजून जपून ठेवली असशील तर. आठव्या मजल्यावरच्या चुकीचं सगळ्यांना माहीतच आहे. ते आमचे लोक नीट करतील. त्याची काळजी नको.

तुझी बहीण


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दादा,

सही मिळाली. डिस्क मिळाली. नव्या शर्टातल्या पुठ्ठ्यात घातलेली, वर चिकटपट्टीचे सात थर. कात्रीने, चाकूने आणि शेवटी दातांनी सोडवली.

पाकीट मी तीनदा उलटं करून झटकलं. एक ओळ नाही! घरी येतोस तेव्हा उंबऱ्यात उभा राहून "बरी आहेस ना" एवढं तरी म्हणतोस. तेवढंही कागदावर उतरवायला जिवावर आलं का तुझ्या? मी दोन पानं लिहिली होती. असो.

असो म्हटलं तरी राग गेलेला नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

सोमवारी खेळायला घेतला. तुला सांगून ठेवते, मी बहीण म्हणून लिहीत नाहीये. पहिला मजला चांगला आहे. आपला काचा पुसणारा बादलीराव चालतो तो अजून आवडतो, जरा वाकून, बादलीच्या बाजूला झुकून. कोपऱ्यात बादलीचं चित्र आणि त्यात पाण्याची निळी रेघ. उडी मारून उतरला की ती रेघ हिंदकळते आणि अंगावर वजन आल्यासारखं वाटतं. आज शंभर माणसं मिळून गेम करतात आणि त्यांना हे सुचत नाही. एकवीस वर्षांच्या पोराने खोलीचं दार लावून केलंय हे. इथवरचं कागदावर लिहिलं.

आता बाकीचं. दुसऱ्या मजल्यावरची कबुतरं आणि मागची भिंत एकाच राखाडी रंगाची आहेत. माणसाला मरायचं तर निदान कशाने मरतोय ते दिसावं की नको? तिसऱ्या मजल्यावरची बाई खिडकी उघडते ती कधीही उघडते. त्यात काही ठेका नाही, काही इशारा नाही. तुला त्या वेळी विचारलं होतं, तू म्हणाला होतास, "खऱ्या बायका इशारा देतात का?" हे मला तेव्हा विनोदी वाटलं होतं. सोमवारी नऊ वेळा तिच्या खिडकीने मला खाली ढकललं आणि दर वेळी तळमजल्यापासून पुन्हा. गेम अर्ध्यावर जपून ठेवायची सोय नाही! का नाही? तर तू म्हणायचास, "काचा पुसणाऱ्याला कुठे असते?" तुझ्या या असल्या उत्तरांनी माझ्या आयुष्याचे किती तास गेले याचा विचार केलास कधी?

एक गंमत. बुधवारी ऑफिसचं मशीन घरी आणलं होतं. गेममधल्या दोराच्या कप्पीचा आवाज सुरू झाला आणि आतल्या खोलीतून आई ओरडली, "अगं, माझं मशीन कुणी चालू ठेवलंय?" तू तो आवाज तिच्या शिलाई मशिनवरून घेतला होतास हे मी विसरूनच गेले होते. ती येऊन माझ्या शेजारी बसली. बादलीराव दोनदा पडला ते तिने पाहिलं आणि म्हणाली, "याला कुणीतरी आतून दार का नाही उघडत?"

उत्तर दे. दोन ओळी चालतील.

मी


२२ फेब्रुवारी, शनिवार

दादा,

परवा तू आईला फोन केलास. तिची तब्येत विचारलीस, गुडघ्याचं तेल लागलं का विचारलंस आणि मग विचारलंस, "ती कितव्या मजल्यावर आहे?"

आईला कळेना. म्हणाली, "दुसऱ्याच की, घर बदललं नाही आपण."

मला विचार ना! तिला काय विचारतोस? माझा नंबर तुझ्याकडे आहे, पत्ता आहे, दोन पत्रं आहेत. मला विचारायला काय जातं तुझं? आईला मध्ये घालून बोलायचं हे बावीस वर्षं चाललंय. मी तिला सांगायचं, "दादाला म्हणावं गाडी सावकाश चालव." तू तिला सांगायचं, "तिला म्हणावं डोळे तपासून घे." तीही आता सत्तरीला आली. तिला आता पुरे झालं, आणि मलाही.

तर, सातव्या. सातव्या मजल्यावर आहे.

चौथा मजला सुंदर आहे. पाचवा रटाळ. तोच चौथा उलटा करून लावलास, नाही का? मला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळलं. सहाव्यावर वाऱ्याने बादली हलते, तिथे मी खुर्चीत ताठ बसले. डॉक्टर मागून बघत होता. डॉक्टर म्हणजे आमचा प्रोग्रामर. मेलेले गेम उठवतो म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण जुन्या कोडपुढे अगदी नम्र असतो. तुझी डिस्क त्याच्याकडेच दिली आहे. ती इतकी जुन्या पद्धतीने भरली आहेस की उघडायलाच आठ-दहा दिवस लागतील म्हणाला. म्हणाला, "ताई, ज्याने केलंय तो फार नीटस माणूस असणार." मी म्हटलं, हो, नीटस आहेच. इतका की उंबऱ्यावरून आत सुद्धा मोजून पाऊल टाकतो.

आई सांगत होती, तू दुरुस्त केलेली लिफ्ट मजल्याला अगदी बरोबर लागते. बाकीच्यांच्या दोन बोटं वर-खाली थांबतात, तुझ्या नाही. म्हाताऱ्यांना ठेच लागत नाही. ती हे अभिमानाने सांगते. मला ते ऐकवत नाही.

का ऐकवत नाही ते लिहायला घेतलं होतं, चार ओळी लिहून खोडल्या. तुला कागदावर खाडाखोड दिसेल. आठव्याचं माप चुकलं होतं हे खरंच आहे, त्या वेळच्या गेमच्या मासिकानेही तेच छापलं होतं. "आठव्या मजल्यावर गेम संपतो, वरचे चार कुणासाठी बांधले?" असं. बास. त्याच्यापुढे काय लिहायचं.

डोळे तपासून घेतले. नंबर वाढलाय.

मी


२ मार्च, रविवार

दादा,

आठवा. आठवडाभरात एक्केचाळीस वेळा पडले.

मला माहीत होतं की ही उडी बसत नाही. पडद्यावरच्या चौकोनांत मोजलं तर दरी सात घरांची, बादलीरावाची उडी सहा घरांची. तरीही एक्केचाळीस वेळा मारली. सव्विसाव्या वेळी बोटांतून कळ आली. तिसाव्या वेळी आई म्हणाली, "अगं, सोड ना त्या बिचाऱ्याला." मी तिच्यावर खेकसले. ती मशिनवर जाऊन बसली आणि आता तो आवाज खरा होता.

मग तिला रिळं हवी होती म्हणून मी कपाट उघडलं. आईने रिळं कशात ठेवलीत माहीत आहे? आपल्या गेमच्या खोक्यात. तिच्याकडे एक उरलं होतं. खोक्याच्या मागच्या बाजूला फोटो आहेत. तुला माहीत आहेतच.

आज पुढे लिहवत नाही.


४ मार्च, मंगळवार

दादा,

रजा घेतली आहे. आई डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली आहे, शेजारीण सोबत आहे. घरात मी एकटी आहे आणि सकाळचे दहा वाजले आहेत. लिहून झाल्याशिवाय उठणार नाही.

तू मला रिकाम्या बादलीची सोय करून दिली होतीस. तीन बटणं एकदम दाबली की बादलीतलं पाणी नाहीसं, बादलीराव हलका, पडला तरी मरत नाही आणि उडी मोठी पडते. ती फक्त आपल्या दोघांना माहीत होती. तू मला बजावलं होतंस, "ही नुसती वरच्या मजल्यावर पटकन पोचायला. पोचलीस की बंद करायची आणि भरल्या बादलीने खेळायचं. नाहीतर तपासणी कसली?" आणि मी, मोठी शहाणी, म्हणाले होते, "मला शिकवू नकोस." म्हणून तर तू मला मास्तरीण म्हणायचास. प्रत्येक मजल्यापुढे लाल पेनाने बरोबरची खूण, खाली तारीख, खाली सही.

शेवटच्या दिवशी सहा वाजेपर्यंत सीडी आणि खोक्यासाठी फोटो पोचवायचे होते. तू सकाळपासून छापखान्यात. आदल्या दिवशी तू आठव्याची दरी एका घराने वाढवली होतीस, "सोपं पडतंय" म्हणून. मी तपासणार होते, म्हणून तू बिनधास्त वाढवलीस. मला म्हणालास, "बाराही मजले नीट खेळ, जाता जाता प्रत्येक मजल्याचा एक फोटो काढ."

सात मजले मी नीट खेळले, दादा. हे तू खरं मान. आठव्यावर पडायला लागले. पाच-सहा वेळा पडले असेन. खाली मैत्रीण सायकलची घंटी वाजवत होती, आम्हाला सिनेमाला जायचं होतं. मला वाटलं, माझाच हात कच्चा. दरी चुकली असेल असं एकदाही मनात आलं नाही, कारण माप तुझं होतं आणि तुझं माप चुकत नसे. मी तीन बटणं दाबली. रिकाम्या बादलीने आठवा ओलांडला, आणि मग ती बंद करायचाही कंटाळा केला. नऊ, दहा, अकरा, बारा, तशीच गेले. फोटो काढले. बारा खुणा केल्या. सही केली. "आठवा जमत नव्हता" एवढं चिठ्ठीवर लिहून ठेवलं असतं तरी तू येऊन पाहिलं असतंस. लिहिलं नाही, कारण तू हसला असतास.

सिनेमा कुठला होता ते आता आठवत सुद्धा नाही.

मग मासिकात ते छापून आलं. दुकानांतून खोकी परत आली, बाहेरच्या खोलीत छतापर्यंत रचली होती. आणि ते जेवण. बाबांनी ताटावरून मान वर न करता विचारलं, "चूक कुणाची?" आणि मी म्हणाले, "माप दादाचं."

खोटं नव्हतं ते. म्हणून तर इतकी वर्षं मला त्याच्याआड लपता आलं. माप तुझंच होतं! पण ते तपासलं असं लिहून सही करणारी मी होते. तू माझ्याकडे पाहिलंस. पाण्याचा पेला खाली ठेवलास.  बाबा म्हणाले, "बास झाले हे खेळ," आणि पुढच्या महिन्यात तू लिफ्टच्या कंपनीत शिकायला गेलास. त्या मशिनला पुन्हा हात लावला नाहीस.

बाबा गेले तेव्हा मी त्यांना सांगायला हवं होतं. दवाखान्यात चार दिवस होते मी त्यांच्या उशाशी. एकदा त्यांनी स्वतःहून विषय काढला होता, "पोराचं डोकं चांगलं होतं, पण घाई नडली." मी उशी सारखी केली. त्यांच्या मनात घाई तुझीच राहिली आणि आता ते दुरुस्त करता येत नाही. मला याचं जे वाटतं ते मी कुणालाही सांगू शकलेले नाही. रोज दुसऱ्यांच्या चुका कागदावर लिहिते, धुकं कुठे सोडलंय ते दाखवते, आणि साहेब मला परखड म्हणतात.

ही माझी चूक होती, दादा. मला माफ कर असं लिहिण्याचा मला हक्क आहे की नाही माहीत नाही, पण लिहिते. मला माफ कर.

मास्तरीण


६ मार्च, गुरुवार

दादा,

मंगळवारचं पत्र टाकलं नव्हतं. काल टपालपेटीपर्यंत दोनदा गेले आणि दोनदा परत आले. एकदा वाटलं, शेवटचं पान नीट लिहायला हवं. दुसऱ्यांदा काही वाटलं नाही, नुसतेच पाय मागे फिरले. आज सकाळी जाता जाता टाकणार होते, पर्समध्ये होतं.

आणि आज सकाळी डॉक्टरने तुझी डिस्क उघडली.

प्रोग्रामर लोक कोडमध्ये अधूनमधून माणसांसाठी ओळी लिहून ठेवतात, मशीन त्या वाचत नाही. तू तर प्रत्येक बदलाशेजारी तारीख घालून लिहायचास. डॉक्टरने मला हाक मारली, "ताई, हे काय लिहिलंय बघा, मला नीट समजलं नाही." मी त्याच्या खांद्यावरून वाचलं.

"आठवा मजला. दरी ७ होती, ६ केली. आता पार होतो. मास्तरीण रिकाम्या बादलीने गेली होती, खोक्यावरच्या फोटोत निळी रेघ नाही. तिने स्वतः सांगितल्याशिवाय हे पुढे द्यायचं नाही."

खाली तारीख. मला वाटलं चुकून वाचतेय, म्हणून पुन्हा वाचली. त्या जेवणाच्या आदल्या दिवसाची. जेवणाची तारीख मी विसरणं शक्य नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा केमिस्ट्रीचा पेपर होता.

म्हणजे पेला खाली ठेवलास तेव्हा तुला माहीत होतं. दुरुस्ती झालेली होती! तू ती घेऊन जेवायला बसला होतास आणि माझ्या तोंडाकडे बघत होतास, की ही आता बोलेल, आता बोलेल. आणि मी काय बोलले ते तू ऐकलंस.

डॉक्टर विचारत होता, "मास्तरीण म्हणजे कोण, तुम्हाला माहीत आहे का?" मी म्हटलं, हो. आणि प्यायला पाणी आणते म्हणून जिन्यात जाऊन बसले.

तिथे बसून आधी मी तुझ्यावर चिडले. तळपायाची आग मस्तकात गेली अक्षरशः. अरे, एक आकडा! आठवड्याभरात सापडला, बदलला, आणि बावीस वर्षं दाबून ठेवलास? छतापर्यंतची खोकी परत पाठवता आली असती. बाबांना सांगता आलं असतं. माझा कान धरून विचारलं असतंस, तर मी त्याच क्षणी रडत कबूल केलं असतं, सतरा वर्षांची होते मी. पण नाही, मास्तरणीने आपणहून सांगायला हवं. स्वतःचा गेम मारलास, हात थांबवलेस, घर सोडलंस, पण विचारलं नाहीस. असला कसला हट्ट तुझा? तू पाठवलेल्या पाकिटात एक ओळ नाही म्हणून मी बोंब मारत होते. ओळ होती. तुला ठाऊक होतं मी ती वाचणार.

मग राग उतरला आणि वाटलं, कोण कुणावर चिडतंय.

आणि आता सगळ्यात मोठा घोळ. मंगळवारचं पत्र मंगळवारी लिहिलंय. तुला सगळं माहीत आहे हे कळायच्या आधी. पण तुला ते आजच्या पत्राबरोबर एकाच पाकिटात मिळणार, आणि तू म्हणशील, कोडमध्ये वाचलं, पकडली गेली, आणि मग मागची तारीख घालून बसली लिहायला. मी तुझ्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. माझ्याकडे काही पुरावा नाही. कागदावर तारीख आहे आणि सही आहे, पण माझी तारीख आणि माझी सही कितपत धरायची हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. बुधवारी दोन पावलं पुढे टाकली असती तर! दोन दिवस, दादा. बावीस वर्षं काढली आणि दोन दिवसांनी हुकले.

दुपारी साहेब आले. खूश होते. "लेखकाने स्वतःच दुरुस्ती करून ठेवली आहे म्हणे! मग काय, झालं. बाराही मजले पास लिहून टाका, संध्याकाळपर्यंत कागद द्या." मी म्हटलं, खेळल्याशिवाय नाही. ते म्हणाले, "अहो, एका आकड्याचा तर प्रश्न." मी म्हटलं, हो, एका आकड्याचाच होता. वीस तारखेपर्यंत मुदत मागून घेतली.

तुझा दुरुस्त केलेला गेम दुपारभर खेळले. भरल्या बादलीने, तळमजल्यापासून. सात मजले झाले. आठव्यावर पडले. पुन्हा खालपासून, पुन्हा पडले. चार वेळा आठव्यापर्यंत पोचले आणि चारही वेळा पडले. डॉक्टर म्हणाला, "मी बघू का?" आणि त्याने पहिल्या झटक्यात उडी मारली. मला म्हणाला, "ताई, तुम्ही बटण लवकर सोडता." वरचे मजले मी त्याला खेळू दिले नाहीत. म्हटलं, बंद कर.

म्हणजे माझा हात त्या दिवशीही कच्चाच होता. दरीही चुकली होती आणि हातही. दोन्ही खरं होतं आणि मी खूण बरोबरची केली.

टिकतो का, हे मला लिहायचं आहे. माझं मत असं की पहिले सात मजले टिकले आहेत. कबुतरं दिसत नाहीत, पाचवा चोरलेला आहे, ती खिडकीतली बाई शुद्ध अन्याय आहे, पण टिकले आहेत. हे बहीण म्हणून लिहिलेलं नाही. वरच्या चार मजल्यांबद्दल मला लिहिता येत नाही. ते मी भरल्या बादलीने कधी पाहिलेलेच नाहीत. भरल्या बादलीने बाराव्यावर पोचल्यावर काय होतं, आतून कुणी दार उघडतं का, हे आई रोज विचारते आणि मला तिला धड सांगता येत नाही.

तू ये. वीस तारखेच्या आत. घरी ये, उंबऱ्यात उभा राहू नकोस, आत ये. वरचे मजले तू खेळ, मी शेजारी बसून बघते. नाही आलास तर हा गेम आम्ही पुन्हा आणणार नाही, कारण त्या चार मजल्यांपुढे मी काही लिहिणार नाही आणि दुसऱ्या कुणाला लिहूही देणार नाही. साहेबांना तसं सांगून टाकलं आहे. ते पुन्हा तुटक बोलायला लागले आहेत.

सोबत तपासणीचा कागद जोडते आहे. छापील नाही, आपण वहीच्या पानावर आखायचो तसाच आखला आहे. लाल पेन आईच्या डब्यात मिळालं.

लिफ्ट बंद आहे. तपासणी, ६ मार्च.
मजला एक ते सात: पास.
मजला आठ: उडी बसते. मला जमली नाही.
मजला नऊ ते बारा: पाहिलेले नाहीत.
तपासणारी: मास्तरीण. बादली भरलेली.